झाडू-पोछाचा रोबो घेताय? आधी टेप काढा, मग मोबाईल

दिवाळी जवळ आली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, की तुमच्याकडं तो गोल फिरणारा रोबो आहे ना, आम्हीपण घ्यावा म्हणतोय, कुठला घेऊ? आणि मी दरवेळी उलट विचारते, तुमच्या स्वयंपाकघराचा उंबरा किती उंच आहे? पलीकडं एकदम शांतता, कारण उंबरा कुणी कधी मोजलेला नसतो. पण खरं सांगते, आपल्या सांगली-मिरजेकडच्या घरात हा रोबो चालणार की नाही हे ठरतं उंबऱ्यावर, दिवाणाच्या उंचीवर आणि फरशीच्या रंगावर. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेला पास्कलचा, म्हणजे कचरा ओढण्याच्या ताकदीचा, आकडा फार नंतर येतो. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवतेय, पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी.

आमचं घर सांगलीच्या गावभागात, जुनं, खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली, पण सवय अशी की पायाखाली जरा कचकच लागली की त्या केरसुणी उचलायच्याच. म्हणून घ्यायचं ठरवलं. पहिला घेतला तो घाईत, सेलमध्ये, साडेबारा हजाराला, आणि तो माजघरातून स्वयंपाकघरात कधी गेलाच नाही. दुसरा घेताना मात्र सगळं मोजून-तपासून घेतला आणि तो आज दोन वर्षं रोज चालतोय.

पायरी १ : घर मोजा

मोबाईलवर काहीही बघायच्या आधी टेप घ्या. हे रोबो साधारण ३२ ते ३५ सेंटीमीटर रुंद असतात आणि उंचीला दोन प्रकार, डोक्यावर लेझरची छोटी टोपी असलेले साडेनऊ-दहा सेंटीमीटर, बिनटोपीचे आठच्या आसपास. मी काय केलं, मिक्सर आला होता त्याचा खोका कापून ३५ रुंद आणि १० उंच असा एक तुकडा तयार केला आणि तो घेऊन घरभर फिरले, दिवाणाखाली सरकवला, कपाटाखाली, सोफ्याखाली, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांच्या पायांमधून. जिथं तुकडा अडकला तिथं रोबो अडकणार, इतकं सोपं. आमच्या दिवाणाखाली नऊच सेंटीमीटर जागा होती आणि सगळ्यात जास्त धूळ तिथंच, शेवटी चारी पायांखाली लाकडी ठोकळे बसवले.

आता उंबरा. बरेच रोबो दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत चढतात, महागड्या नव्या मॉडेलपैकी काही चार सेंटीमीटरपर्यंत जातात. कडा गोल असली तर सोपं जातं, सरळ कापलेली असली की चाक तिथंच घासत बसतं. आमचा स्वयंपाकघराचा उंबरा तीन सेंटीमीटर भरला. मग सुताराला सांगून दोन पाचरी करून घेतल्या, २० सेंटीमीटर लांब, एका बाजूला तीन सेंटीमीटर आणि दुसऱ्या बाजूला उतरत जाऊन कागदासारखी पातळ कड, उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. दिवाळीला लक्ष्मीची पावलं काढताना त्या उचलून ठेवता येतात. सासूबाईंना आधी उंबऱ्याला काही जोडलेलं पसंत नव्हतं, पण वॉकर घेऊन चालताना त्यांनाही तो उतार बरा पडतो हे कळल्यावर आता त्याच पाचर हलली की सरळ करतात.

मोरी आणि बाथरूम विसरू नका. आपल्याकडं बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा इंच-दीड इंच खाली असते. एवढा छोटा उतार बऱ्याच रोबोंना 'खड्डा' म्हणून कळत नाही, ते खुशाल आत उतरतात आणि मग वर चढता येत नाही, ओल्या फरशीवर चाकं फिरत राहतात. दार लावून घ्यायचं किंवा ॲपमध्ये तिथं रेघ मारून बंदी घालायची, रेघेचं पुढं सांगते.

पायरी २ : फरशीचा रंग बघा

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून जरा थांबून सांगते.

रोबो जिन्यावरून खाली पडू नये म्हणून त्याच्या पोटाखाली कडेला सेन्सर असतात. ते खाली इन्फ्रारेड किरण सोडतात, किरण फरशीवर आपटून परत आला की जमीन आहे, नाही आला की खोल खड्डा आहे, थांबा. आता काळा रंग हा किरण पिऊन टाकतो. म्हणजे काळ्या कडाप्प्यावर रोबो आला की त्याला वाटतं जिना आला, आणि तो जागेवरून मागं फिरतो. आमच्या पहिल्या रोबोचं नेमकं हेच झालं. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यात कडाप्प्याची चांगली वीतभर रुंद पट्टी आहे, तो दर वेळी तिथपर्यंत यायचा, अर्धा सेकंद थांबायचा, वळायचा. मी महिनाभर समजत होते की उंबरा उंच आहे म्हणून वळतोय. एकदा त्या पट्टीवर पांढरं वर्तमानपत्र टाकलं आणि तो कागदावर बिनधास्त पुढं आला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

सगळेच रोबो काळ्यावर अडतात असं नाही, काहींना चालतं, काहींना नाही, आणि पॉलिश केलेला कडाप्पा वेगळा, खडबडीत वेगळा. म्हणून ज्यांच्या घरात काळी फरशी, काळी बॉर्डर किंवा काळा गालिचा आहे त्यांनी रोबो आला त्याच दिवशी पहिल्यांदा त्या काळ्यावर सोडून बघायचा, परत करायची मुदत संपायच्या आत. काही जण सेन्सरवर पांढरी टेप चिकटवतात, ते कृपा करून करू नका, वरच्या मजल्यावर चालवला तर तो सरळ जिन्यावरून खाली येईल. आम्ही त्या पाचरींना आणि मधल्या पट्टीवर टाकलेल्या पातळ फळीला क्रीम रंगाचा ऑइलपेंट मारला, एका दगडात दोन्ही कामं झाली.

बाकी मोझॅक, व्हिट्रिफाइड, कोटा यांवर काही अडचण नाही. जुन्या शहाबादी फरशीच्या सांध्यात माती बसलेली असते, ती रोबोनं पूर्ण निघत नाही, महिन्यातून एकदा हातानं ब्रश मारावाच लागतो.

पायरी ३ : त्याला वाट कशी कळते ते विचारा

इथं पैसे वाचवू नका. आयरोबोट कंपनीचा रुम्बा २००२ साली आला तेव्हा तो भिंतीला धडकायचा, वळायचा आणि परत दुसरीकडं जायचा, खोली कशी आहे हे त्याला माहीतच नसायचं. आजही स्वस्तातले रोबो जायरोस्कोपवर चालतात, म्हणजे आपण किती वळलो, किती पुढं गेलो याचा अंदाज बांधून नागमोडी फिरतात, एका मोकळ्या हॉलला ठीक, पण चार खोल्यांच्या घरात कुठली तरी एक बाजू सोडतात आणि उरलेली तीनदा झाडतात. दुसरा प्रकार कॅमेऱ्याचा, त्याला उजेड लागतो, आणि आपल्या जुन्या घरातली माजघरं दिवसापण अंधारी असतात.

तिसरा लेझरचा, त्यालाच लायडार म्हणतात, ती डोक्यावरची टोपी गरागरा फिरत भिंतींचं अंतर मोजते आणि मोबाईलवर घराचा नकाशा काढते. अंधारात चालतो. नकाशा आला की 'फक्त स्वयंपाकघर झाड' असं सांगता येतं, देवघरापुढं बंदीची रेघ मारता येते. जुन्या घरात राहणाऱ्यांनी लेझरवालाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, चार-पाच हजार जास्त गेले तरी. फक्त जमिनीपर्यंत येणारा मोठा आरसा असेल तर त्यात हा गोंधळतो, आरशापलीकडं अजून एक खोली आहे असं धरून चालतो, तेवढी तिथं बंदीची रेघ मारा.

पायरी ४ : पास्कल

ओढण्याची ताकद पास्कलमध्ये देतात, २५००, ५०००, १०००० आणि आता त्याच्याही पुढं. आपल्याकडं गुळगुळीत फरशी, गालिचे कमी, तिथं अडीच-चार हजारानं काम होतं. आकडा कितीही मोठा असला तरी ब्रश फरशीला नीट टेकत नसेल तर उपयोग नाही, आणि फुल्ल ताकदीवर आवाज वाढतो, बॅटरी लवकर उतरते. जाड गालिचा असेल किंवा कुत्र्याचे केस असतील तर मोठा आकडा बघा, नाहीतर पुढं चला.

पायरी ५ : पोछा म्हणजे नक्की काय मिळणार

इथं सगळ्यात जास्त अपेक्षाभंग होतो, म्हणून आधीच सांगते. साधा प्रकार म्हणजे मागं छोटी पाण्याची टाकी आणि खाली ओलं फडकं, ते नुसतं ओढत नेतो. त्यानं वरची बारीक धूळ निघते, चहाचा वाळलेला डाग निघत नाही. दुसऱ्यात फडकं थरथरतं. तिसऱ्यात दोन गोल फडकी जोर देऊन गरागरा फिरतात, हा प्रकार खरा पुसल्यासारखा वाटतो, आणि आता रोलरवालेही आलेत. बजेट बसत असेल तर फिरणारी फडकी घ्या. फोडणीचा तेलकट थर मात्र कुठलाच रोबो काढत नाही, गॅससमोरची दोन फूट जागा हातानंच पुसावी लागते.

आणि हे लक्षात ठेवा, झाडणं आधी, पुसणं नंतर. बरेच रोबो दोन्ही एकदम करतात, आणि तिथंच घोळ होतो. आमच्याकडं रोज भाकरी, परातीभोवती ज्वारीचं पीठ सांडतंच, आणि त्यावरून ओलं फडकं गेलं की त्याची खळ होते, वाळल्यावर फरशीवर पांढरे पट्टे दिसतात. म्हणून दुपारी एकला आधी नुसतं झाडायचं आणि दोनला पुसायचं अशी दोन वेगळी वेळापत्रकं लावलीत, तेव्हापासून पट्टे बंद.

भडंगाचं पण सांगते, कारण सांगलीत भडंग सांडणार नाही असं घर नाही. एका रविवारी मुलाच्या हातून अख्खी वाटी सोप्यात सांडली आणि त्यानं हौसेनं रोबो लावला. त्याच्या कडेला जो फिरणारा छोटा ब्रश असतो ना, तो चुरमुऱ्यासारखी हलकी वस्तू ओढण्याऐवजी उडवतो. चुरमुरे दिवाणापलीकडं, शेंगदाणे कपाटाखाली, आणि लसूण-तिखटाचं तेल फडक्याला लागून नारिंगी पट्टा सोप्यापासून माजघरापर्यंत. मोठा सांडलेला कचरा आधी सुपलीत भरा, मग रोबो. ॲपमध्ये कडेच्या ब्रशचा वेग कमी करायची सोय असेल तर तीही वापरा.

पाण्याच्या टाकीत फिनेल, ॲसिड, ब्लीच काहीही घालायचं नाही, आतली बारीक नळी आणि रबर खराब होतं. साधं पाणी, किंवा कंपनीनं सांगितलेलं लिक्विड. बोअरचं पाणी असेल तर क्षार साठून नळी चोंदते, आम्ही फिल्टरमधून गाळलेलं पाणी घालतो, एका वेळी दोन-तीनशे मिली तर लागतं.

पायरी ६ : डॉक साधा की मोठा

डॉक म्हणजे रोबो जिथं जाऊन चार्ज होतो ती जागा. साधा डॉक नुसता चार्ज करतो आणि पोटातली कचऱ्याची डबी आपण रोज झटकायची. दुसरा डॉक रोबोतला कचरा स्वतःकडच्या पिशवीत ओढून घेतो, पिशवी दीड-दोन महिने पुरते, ती परत विकत घ्यावी लागते हा चालू खर्च. तिसरा मोठा, तो फडकीपण धुतो आणि गरम हवेनं वाळवतो.

ऐकायला तिसरा सगळ्यात भारी, पण दोन गोष्टी. घाण पाणी एका टाकीत जमा होतं, ते आपणच ओतायचं, आणि एप्रिल-मेमध्ये दोन दिवस विसरलात तर खोलीत उभं राहवत नाही. शिवाय त्याला भिंतीशी बरीच जागा लागते, डाव्या-उजव्या बाजूला आणि समोर मोकळं ठेवावं लागतं. गरम हवेला वीजही जास्त जाते, म्हणून असला डॉक इन्व्हर्टरच्या लाईनवर घेऊ नका, साधा डॉक चालतो. लाईट गेली तरी रोबो आपल्या बॅटरीवर काम पुरं करतो, फक्त वायफाय बंद पडल्यामुळं मोबाईलवर दिसत नाही.

धुळीचा विचार करून ठरवा. कारखान्याच्या आसपास राहत असाल तर गळीत हंगामात गच्चीवर, खिडकीत काळी काजळी पडते ती घरात येते, आणि मार्केट यार्डाकडं हळदीचा बारीक फुफाटा, अशा ठिकाणी छोटी डबी एका फेरीत भरते, तिथं कचरा ओढून घेणारा डॉक खरंच उपयोगी. घरात कुणाला दमा असेल तरीही, कारण डबी झटकताना सगळी धूळ तोंडावर येते.

किमतीचा ढोबळ अंदाज, दहा ते पंधरा हजारांत जायरोस्कोपवाले, अठरा ते तीसमध्ये लेझर आणि साधा डॉक, कचरा ओढणारा डॉक घेतला की तिथून पुढं, आणि फडकी धुणारे पन्नास हजारांच्या आसपास आणि वर लाखापर्यंत. सेलमध्ये यात बराच फरक पडतो. आम्ही मधल्या गटातला घेतला.

पायरी ७ : सर्व्हिस

हे किमतीइतकंच महत्त्वाचं आहे आणि पुण्या-मुंबईतल्या लोकांनी लिहिलेल्या सल्ल्यात हे सापडत नाही. आमच्या पहिल्या रोबोचं एक चाक आठव्या महिन्यात फिरायचं थांबलं. वॉरंटीत होता. फोन केल्यावर कळलं की तुमच्या पिनकोडला माणूस येत नाही, पॅक करून कुरियरनं पाठवा, आणि तो गेला तो पाच आठवड्यांनी आला. खोका आम्ही फेकून दिला होता, त्यामुळं पॅकिंगला अजून चारशे रुपये.

तेव्हा मिलाग्रो, युरेका फोर्ब्स, शाओमी, इकोव्हॅक्स, ड्रीमी, कुठलीही कंपनी बघत असाल तर पैसे भरायच्या आधी कस्टमर केअरला फोन करून तीन प्रश्न विचारा. माझ्या पिनकोडला घरी येऊन सर्व्हिस आहे का, नसेल तर नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा. बॅटरीची वॉरंटी किती आणि नवी बॅटरी केवढ्याला. ब्रश, फिल्टर, फडकी आत्ता स्टॉकमध्ये आहेत का. तिसऱ्याचं उत्तर घुटमळत आलं तर ते मॉडेल सोडा. बिल आपल्या नावाचं घ्या आणि खोका उघडताना मोबाईलवर शूटिंग करा.

पायरी ८ : पहिला आठवडा

पहिल्या फेरीत पुसणं नको, नुसता नकाशा काढू द्या. त्याआधी सगळी दारं उघडी, चपला वर, चार्जरच्या वायरी वर, सतरंजीच्या दशा आत दुमडून. वायफाय जोडताना अडलात तर राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वेगळं करून त्याला जोडा, बरेच रोबो ५ गिगाहर्ट्झ ओळखतच नाहीत, निम्म्या लोकांची पहिली संध्याकाळ यातच जाते. नकाशा आला की खोल्यांना नावं द्या, आणि बंदीच्या रेघा मारा. आमच्या तीन आहेत, देवघरापुढं, कारण समई जमिनीवर असते, बाथरूमच्या दाराशी, आणि दारातल्या रांगोळीच्या चौकोनावर.

वेळ अशी निवडा की घरातलं वयस्कर माणूस तेव्हा बसलेलं किंवा झोपलेलं असेल. पायात अडखळून पडायची भीती खरी आहे, आम्ही सासूबाई दुपारी पडतात तेव्हाच लावतो, त्यांच्या खोलीत सगळ्यात शेवटी. घरात कुत्रं असेल आणि ते आत घाण करत असेल तर आपण बघितल्याशिवाय कधीच चालू करू नका.

कामाच्या मावशींशीही बोला, हे मी मनापासून सांगते. आमच्या मावशी अकरा वर्षं येतायत, रोबो आला त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. मी त्यांना तेव्हाच सांगितलं की तुमचे पैसे एक रुपयानं कमी होणार नाहीत. आता रोजची धूळ तो काढतो आणि त्या कोपरे, जिना, जळमटं, खिडक्या बघतात, ज्याला आधी कुणालाच वेळ नसायचा. जिना तर रोबोला जमतच नाही.

पायरी ९ : आठवड्याची दहा मिनिटं

रविवारी तो उलटा करते. मधल्या रोलरला लांब केस गुंडाळलेले असतात, ते ओढायचे नाहीत, जुन्या कात्रीनं रोलरच्या लांबीत कापायचे की आपोआप सुटतात. रोलरची दोन्ही टोकं काढून बघा, केसांची चकती तिथं बसते आणि मोटर तापते. फिल्टर झटकायचा, धुवायचा फक्त त्यावर धुता येतो असं लिहिलं असेल तर, आणि धुतला तर पूर्ण एक दिवस वाळवून मगच बसवायचा. पोटाखालचे सेन्सर कोरड्या मऊ कापडानं पुसा. फडकं रोज धुऊन उन्हात, टाकी रिकामी करून उघडी. पुढचं छोटं चाक उपसून काढता येतं, त्याच्या खोबणीतला केसांचा गोळा काढला नाही की फरशीवर चरे पडतात.

गावाला जाणार असाल तर बॅटरी पूर्ण रिकामी सोडू नका, निम्म्याच्या वर चार्ज करून रोबो बटणानं बंद करा आणि डॉकचा प्लग काढा.

आणि आमच्यासारखे नदीच्या बाजूला राहत असाल तर अजून एक. डॉक हा जमिनीला टेकलेला असतो, २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्याकडं फ्रिज, वॉशिंग मशीन वर न्यायला माणसं मिळाली नव्हती आणि खालच्या सगळ्या प्लगच्या वस्तू गेल्या. आता आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची पातळी ४० फुटांकडं जायला लागली की पाण्याची टाकी ओतून, बॅटरी बंद करून, रोबो आणि डॉक दोन्ही मूळ खोक्यात घालून पहिल्यांदा वरच्या खोलीत माळ्यावर जातात. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यासाठी खोका जपून ठेवावा लागतो, आतल्या थर्माकोलसकट.